जमीन कुणी झाकली, पाणी कुणाचे नासले

१९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' करून घेतले. १०८ घागरी पाण्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून मंत्रघोषात ते तळ्यात ओतले. या घटनेचा सामाजिक अर्थ आपण गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहोत. तिचा रासायनिक अर्थ मात्र फारसा कुणी सांगत नाही. शेण आणि दूध हे सेंद्रिय पदार्थ. पाण्यात पडले की सूक्ष्म जंतू ते खाऊ लागतात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. शेणातून आतड्यातले जंतूही पाण्यात उतरतात. पाण्याचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळा आज जे मोजतात ते हेच: प्राणवायू किती उरला, सेंद्रिय घाण कुजवायला किती प्राणवायू लागेल आणि विष्ठेतले जंतू किती आहेत. तेव्हा ज्या तळ्याला हजारो माणसांच्या ओंजळींनी काही झाले नव्हते, ते शुद्धीकरणाने, अल्प प्रमाणात का होईना, घाण झाले.

माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, हे आपण सिद्ध केले आहे. मग पाणी बाटते कशाने? कारखान्याच्या नळीने, मैल्याच्या गटाराने, ही उत्तरे सगळ्यांना ठाऊक आहेत आणि ती खरीही आहेत. पण आणखी एक कारण आहे. ते डोळ्यांसमोर असते, पायाखाली असते, म्हणून दिसत नाही. ते म्हणजे शहराच्या जमिनीवर घातलेले आवरण. डांबर, सिमेंट, फरश्या, पत्रे, इमारतींच्या गच्च्या. जमीन कशाने झाकली आहे यावर तिच्या उतारावरच्या ओढ्याचे, तळ्याचे, खाडीचे पाणी कसे असेल हे बऱ्याच अंशी ठरते. आणि उताराच्या खालच्या टोकाला कोण राहते, हे आपल्या समाजात कधीच योगायोगाने ठरलेले नाही.

आधी साधा हिशेब पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तेव्हा तासाभरात २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर एका हेक्टरवर अडीच लाख लिटर पाणी पडते. ती जागा रानाची असेल तर या पाण्याचा काही भाग पानांवर अडतो, काही पालापाचोळ्यात मुरतो, बराचसा मातीतून खाली उतरतो आणि पुढे आठवडे, महिने झऱ्याच्या रूपाने हळूहळू ओढ्याला मिळत राहतो. मातीतून जाताना पाणी गाळले जाते. गाळ मागे राहतो, जंतू मरतात, काही धातू मातीच्या कणांना चिकटून बसतात. तीच जागा सिमेंटची केली की अडीच लाख लिटरपैकी जवळजवळ सगळे पाणी काही मिनिटांत गटारात येते. ते गाळलेले नसते, पृष्ठभाग धुऊन आलेले असते.

मुंबईत या दोन अवस्था एकमेकींच्या शेजारी पाहायला मिळतात. विहार तलाव १८६० साली पुरा झाला, तुळशी १८७९ साली, पवई १८९१ साली. विहार आणि पवई यांच्यामध्ये फार अंतर नाही. पाऊस तोच, खालचा काळा खडक तोच. विहार आणि तुळशी यांचे पाणलोट आज राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत ते आजही मोजले जातात. पवई त्या यादीत नाही. पवईचे पाणी पिण्यासाठी फार काळ चालले नाही, ते हिणकस ठरले आणि पिण्याखेरीजच्या कामांना लावले गेले. पवई पहिल्यापासून उथळ होता, त्यामुळे सगळा दोष शहराच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. पण गेल्या काही दशकांत त्याच्या भोवतालच्या टेकड्यांवर उंच इमारती, रस्ते, वाहनतळ आले. सांडपाण्याचे प्रवाह तलावात शिरले आणि पाण्यावर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरला. जलपर्णी माजते ती सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर. ती पाण्यावर सावली धरते, मरते, कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही संपवते. २०२२ साली याच तलावाच्या काठाने सायकलसाठी मार्ग बांधायला निघालेल्या महापालिकेला उच्च न्यायालयाने थांबवले. तलावाचे सौंदर्य वाढवायचे म्हणजे त्याच्या कडेला आणखी दगड आणि सिमेंट टाकायचे, अशी आपल्या नगरनियोजनाची समजूत आहे.

या दोन तलावांच्या सांडव्यांतून मिठी नदी निघते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीत मिळते. वाटेत साकीनाका, कुर्ला, कलिना, धारावी. वाटेत विमानतळाची धावपट्टीही. नदी तिच्याखालून जाते. पुढे वांद्रे-कुर्ला संकुल लागते. जिथे भरतीचे पाणी पसरत असे, तिवरांची मुळे गाळ धरून ठेवत, त्या दलदलीत भराव टाकून हे संकुल उभे राहिले. तिवरांचे जंगल म्हणजे खाडीच्या तोंडाशी बसवलेली फुकटची गाळणी. ती काढून त्या जागी काचेच्या इमारती बसवल्या. त्या इमारतींना अतिक्रमण म्हणत नाहीत. हा शब्द राखून ठेवलेला आहे आणि तो कुणासाठी, हे वाचकांना ठाऊक आहे.

मुंबईची पावसाळी गटारे इंग्रजांच्या काळात आखली गेली, तेव्हा इंजिनिअरांनी दोन आकडे धरले होते. एक, तासाला २५ मिलिमीटर पाऊस. दुसरा आकडा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा वाहून गटारात येईल, याला अपधाव गुणांक म्हणतात. तो ०.५ धरला होता. अर्धे पाणी वाहील, अर्धे जमीन पिऊन टाकील, हा त्यामागचा विश्वास. १९९३ साली शहराच्या पर्जन्यजल व्यवस्थेचा जो मोठा अहवाल, 'ब्रिमस्टोवॅड', तयार झाला, त्याने पावसाचा आकडा ५० आणि गुणांक १ धरावा असे सुचवले. गुणांक १ म्हणजे जमीन आता एक थेंबही पीत नाही असे समजून चाला. एका शहराची माती मेल्याचा हा सरकारी दाखला आहे, पण तो शोकसभेत वाचला गेला नाही, तांत्रिक परिशिष्टात राहिला. दोन्ही आकडे एकत्र घेतले तर गटारांना चौपट पाणी वाहून न्यायचे आहे. त्यातली दुप्पट पावसाच्या नव्या हिशेबामुळे, आणि दुप्पट केवळ जमीन झाकल्यामुळे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एवढ्या पावसापुढे जंगलाचीही जमीन हात टेकते, हे कबूल केले पाहिजे. त्या दिवशीचा सगळा पूर सिमेंटने आणला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्या पाण्याचा दर्जा पाहा. पूर आला तो मैला, तेल, कचरा, मेलेली जनावरे घेऊन. पुढच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदराच्या मुतातले जंतू पुराच्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या साध्या चिरेतून शरीरात शिरतात. कमरेइतक्या पाण्यात दोन-दोन दिवस उभे राहिलेले, नंतर तोच चिखल हातांनी उपसणारे लोक कोण होते? पहिल्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांना तो चिखल लागला नाही.

पूर वर्षातून एखादा. रोजचे नुकसान निराळे आहे आणि ते अधिक खोल आहे. शहराचा रस्ता ही एक पाटी आहे. आठ महिने तिच्यावर काय काय लिहिले जाते: गाड्यांचे गळलेले तेल, टायरची झिजलेली पूड, ब्रेकमधले तांबे, पत्र्यांवरचे जस्त, बांधकामाची धूळ, कुत्र्यागुरांची विष्ठा, प्लास्टिक. जूनचा पहिला जोरदार पाऊस ही पाटी पुसतो. म्हणून पहिल्या सरीचे वाहून आलेले पाणी अनेकदा सर्वांत घाण असते. आपल्याकडे पहिल्या पावसाच्या मृद्गंधावर कविता झाल्या. ज्या वस्तीच्या दारातून पहिला लोंढा जातो, तिला मातीचा वास येत नाही. टायरची पूड ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिएटलच्या परिसरात, कोहो जातीचे सॅमन मासे पाऊस पडला की शहरी ओढ्यांत अंडी घालण्याआधीच तडफडून मरत. वर्षानुवर्षे कारण सापडेना. ओढ्यावर कारखाना नाही, मैल्याची नळी नाही. २०२० च्या डिसेंबरात शास्त्रज्ञांनी कारण जाहीर केले. टायर लवकर तडकू नये म्हणून रबरात जे रसायन घालतात, त्याची हवेतल्या ओझोनशी रासायनिक अभिक्रिया होऊन जो पदार्थ बनतो, तो रस्त्यावरून धुऊन ओढ्यात येत होता. गुन्हेगार म्हणून एका कारखान्याकडे बोट दाखवावे अशी सोय तिथे नव्हती. गुन्हा रस्त्याचा होता, म्हणजे ज्यांच्याकडे गाडी होती त्या सर्वांचा थोडा थोडा.

अमेरिकेतल्या ओढ्यांच्या अभ्यासांतून १९९० नंतर एक ठोकताळा पुढे आला. एखाद्या ओढ्याच्या पाणलोटातली सुमारे १० टक्के जमीन पाणी न मुरणाऱ्या आवरणाखाली गेली की ओढ्यातले नाजूक जीव नाहीसे होऊ लागतात. २५ टक्क्यांच्या पुढे गेली की ओढा बहुधा आजारीच राहतो. हा ठोकताळा आहे, नियम नाही. दुसऱ्या हवामानात, दुसऱ्या मातीत आकडे सरकतील. पण मुंबईच्या मधल्या भागात उभे राहून दहा टक्के उघडी जमीन तरी दाखवता येईल का, हे ज्याचे त्याने पाहावे.

झाकलेल्या जमिनीचा दुसरा परिणाम उलट्या दिशेचा आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात नदीला पाणी जास्त होते, तसे उन्हाळ्यात ते उरतच नाही. मुरलेच नाही तर झरणार कुठून? मिठीच्या उगमावर एकोणिसाव्या शतकात धरणे झाली, त्यामुळे पावसाळ्यात तलाव ओसंडले तरच वरून पाणी येते. बाजूच्या टेकड्यांचे पाझर सिमेंटखाली गेले. मग ऑक्टोबर ते जून या नदीत वाहते ते काय? जवळजवळ सगळे सांडपाणी. नदी घाण झाली असे म्हणताना आपण समजतो की स्वच्छ पाण्यात कुणी घाण टाकली. खरी गोष्ट अशी की स्वच्छ पाणीच काढून घेतले गेले आणि घाण तेवढी मागे उरली. थोड्या घाणीला भरपूर वाहते पाणी मिळाले तर नदी ती पचवते. त्यात प्राणवायू असतो, वेळ असतो. तेवढीच घाण कोरड्या पात्रात पडली की नाला होतो. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष असा आहे की लिटरमागे विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा आणि जैवरासायनिक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमच्या वर नको. शिवाय ऊन खाऊन तापलेल्या सिमेंटवरून येणारे पाणी गरम असते आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो.

आता प्रश्न दोषाचा. नदी कुणी नासवली असे विचारले की शहराचे बोट आपोआप काठावरच्या झोपड्यांकडे वळते. झोपड्यांतून मैला नाल्यात जातो, भंगाराच्या आणि तेलाचे डबे धुण्याच्या धंद्यांतून तेल आणि रंग जातो, हे खोटे नाही. आपल्या वस्त्यांचा कैवार घेताना हे झाकून ठेवण्यात काही हशील नाही. पण पुढचे वाक्यही बोलले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत मुंबईच्या सुमारे ४१ टक्के लोकांची नोंद झोपडपट्टीत झाली. इतक्या लोकांच्या वस्त्यांखालून मलवाहिनी का गेली नाही? कारण वस्ती बेकायदा. आणि बेकायदा वस्तीला सोय दिली तर ती कायम होईल ही भीती. १९९५ नंतर आलेल्या झोपड्यांना पाण्याची जोडणी देऊ नये असे सरकारी परिपत्रक होते. शेवटी १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, घर कायदेशीर आहे की नाही यावर तो अवलंबून नाही. चवदार तळ्यानंतर सत्याऐंशी वर्षांनी पाणी माणसाला मिळावे की कागदाला, हा वाद कोर्टात होता. ज्यांना नळ दिला नाही, मोरी दिली नाही, त्यांच्या पायाशी नाला होता. त्यांनी तो वापरला.

गावात महारवाड्याची जागा ओढ्याच्या खालच्या अंगाला असे. वरच्या अंगाला सवर्णांचा पाणवठा, खाली जनावरांचा, त्याच्याही खाली आपला. तिथे रूढी पहारा करी. शहरात आलो तेव्हा वाटले की रूढी मागे राहिली. पण शहरात मोकळी आणि स्वस्त जमीन उरली होती ती नाल्याच्या काठाला, खाडीच्या दलदलीला, कचऱ्याच्या डेपोलगत. बाजाराने तीच आखणी दुसऱ्या भाषेत केली. फरक इतकाच की आता वरच्या अंगाचे पाणी विटाळ मानून खाली सोडले जात नाही. गच्चीच्या पन्हळीतून, आवाराच्या फरशीवरून, गाडीतळाच्या उतारावरून ते कुणाच्या मनात काहीही नसताना खाली येते. हेतू नसल्याने त्याला अत्याचार म्हणता येत नाही, आणि कायद्यात त्याला कलम नाही.

नदी सुधारण्याचे जे प्रयोग झाले ते या समजुतीच्या उजेडात तपासावेत. २००५ नंतर मिठीसाठी प्राधिकरण स्थापन झाले. पात्र रुंद केले, खोल केले, काठाला काँक्रीटच्या भिंती बांधल्या, हजारो झोपड्या हलवल्या. भिंतीने पूर काही अंशी आवरतो, पण काठाची माती, गवत, किड्यामुंग्यांपासून बेडकांपर्यंतचे जे जग पाणी साफ करी ते भिंतीत चिणले जाते. पात्राला गटाराचा आकार दिला की नदी गटारासारखी वागते. दर मे महिन्यात नालेसफाई होते. कंत्राटे निघतात, गाळ काठावर टाकला जातो. तो सुकतो, त्याची धूळ उडते, आणि पहिल्या पावसात त्यातला काही भाग पुन्हा नाल्यात उतरतो. रस्त्यांवरून धुऊन आलेले धातू याच गाळात असतात. मे २०२५ मध्ये मिठीच्या गाळउपशातील सुमारे ६५ कोटींच्या कथित घोटाळ्याबद्दल मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. गाळ किती निघाला हे कागदावर वादाचे असेल. तो काढायला नाल्यात आणि गटारात कोण उतरते, यावर वाद नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली यातच सगळे आले.

आणखी एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलायला हवे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडे रात्रीत तोडली गेली तेव्हा शहरातले सुशिक्षित तरुण रस्त्यावर आले, अटक झाले. ती जमीन मिठीच्या पाणलोटातली. त्यांचा राग योग्य होता, त्यांच्याबरोबर पाड्यांवरचे आदिवासीही होते. पण त्याच नदीच्या खालच्या टोकाला मलवाहिनी मागणाऱ्या मोर्चात तोच वर्ग दिसत नाही. आणि आपले कार्यकर्तेही 'झाडांचे प्रश्न त्यांचे, घरांचे प्रश्न आमचे' असे म्हणून आरेकडे पाठ फिरवतात. पाणी ही वाटणी मान्य करत नाही. वर एक मैदान फरसबंद झाले की खालच्या वस्तीत पाणी किती चढेल आणि त्यात काय असेल, हे बदलते. कुर्ल्याच्या कार्यकर्त्याला पवईच्या टेकडीवरच्या बांधकाम परवानगीची चौकशी करण्याचा तितकाच अधिकार आहे.

उपाय अवघड विज्ञानाचे नाहीत. वस्त्यांखालून मलवाहिनी, हा पहिला. तो झाल्याशिवाय बाकीचे सगळे शोभेचे. मोठ्या आवारांनी आपले पावसाचे पाणी आपल्याच जमिनीत मुरवावे, हा दुसरा. मुंबईत मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना २००२ पासून पाऊसपाणी साठवण्याची अट आहे. ती कागदावर पुरी होते की जमिनीवर, हे तपासणारे नागरिक हवेत. पदपथावर, शाळेच्या मैदानावर, बागेतसुद्धा फरशी बसवण्याचे जे वेड नगरसेवकांच्या निधीतून फोफावले आहे, ते थांबवणे हा तिसरा आणि सर्वांत स्वस्त उपाय. त्यात खर्च करायचा नाही, खर्च टाळायचा आहे. बहुधा म्हणूनच तो कुणाला आवडत नाही.

शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांनी हा विषय फळ्यावर शिकवू नये. आपल्या वस्तीचा नकाशा काढायला लावावा. कुठे माती उघडी आहे, कुठे झाकलेली, उतार कुठून कुठे, वरच्या आवाराचे पाणी कोणत्या गटाराने येते. मग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तीन पांढऱ्या बाटल्या घेऊन मुलांना पाठवावे: एक गच्चीच्या पन्हळीखाली, एक रस्त्याच्या गटाराशी, एक जिथे उघडी माती आणि गवत आहे त्या उताराच्या पायथ्याशी. नाल्यात उतरू देऊ नये. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एकदा आणि तासाभराने पुन्हा एकदा पाणी भरावे, बाटल्या रात्रभर उभ्या ठेवाव्यात आणि तळाला बसलेला गाळ पट्टीने मोजावा. बाटलीवर जागा आणि वेळ लिहायला विसरू नये. नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणते पाणी कुठले हे सांगता येत नाही.